जिन्याएवढी जागा

भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर
पट्टीने आखले चार रकाने:
क्लास, फी, वेळ, चालत किती.
पाचवा आखला नाही,
तो प्रश्न तोंडीच विचारायचा होता.

म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये कराटे.
महिना चारशे, पांढरा ड्रेस अकराशे, परीक्षेचे वेगळे.
पन्नास मुलं एका सुरात हवेला ठोसे मारत होती
आणि हवा काही उलटून येत नव्हती.
मी विचारलं, सर,
मागून मनगट धरलं,
जागा जिन्याएवढी,
एका हातात दुधाची पिशवी, तर?
सर म्हणाले, ते ब्राऊन बेल्टला येतं.
मी हिशेब केला. तोवर मी बारावीला.

लोअर परळला काचेच्या इमारतीत
पहिला दिवस फुकट, दुसऱ्यापासून साडेसहा हजार.
तिथल्या दादाने रबरी चाकू काढला, रबरी माणूस आणला,
कोपर, गुडघा, डोळ्यात बोट,
तीन सेकंदांत सगळं.
छान होतं. खरंच.
फक्त तो रबरी माणूस ओळखीचा नव्हता.
त्याच्या आईने आमच्याकडे कधी
विरजण मागितलं नव्हतं.

शिवडी नाक्यामागे, टायरच्या गोडाऊनवर
परवेझभाईंचं बॉक्सिंग.
घामाने कडक झालेले ग्लोव्हज,
दोघांत एक जोडी.
प्रश्न ऐकून ते पट्टी गुंडाळायचे थांबले.
पळ, म्हणाले. पहिला डाव पायांचा.
हे मी वहीत लिहून घेतलं,
कारण फुशारकी न मारता बोलणारे ते पहिलेच.
पण घरीच निघालेलं माणूस
पळून जातं कुठे?

कामगार कल्याण केंद्रात ज्युडो. महिना तीनशे.
कांबळीबाई रेल्वे पोलिसात हवालदार,
गुडघ्याला पट्टा, ड्युटीवरून थेट आलेल्या.
त्यांनी प्रश्न पुरता ऐकला,
दुधाच्या पिशवीसकट.
मग उलट विचारलं,
आवाज निघाला होता?

मी मॅटच्या शिवणीकडे बघत राहिले.
निघणार कसा.
दहा बाय बाराच्या खोलीत
लहानपणापासून एकच शिकवणी:
हळू हस, पलीकडे ऐकू जातं.
हळू भांड, शिंद्यांची मुलगी अभ्यासाला बसलीय.
रडायचंय? मग नळ सोडून रड.
आवाज गिळण्यात मी
केव्हाचीच ब्लॅक बेल्ट.

बाई म्हणाल्या, माझाही नव्हता निघाला.
पुढे काही सांगितलं नाही.

ड्रेस जुना मिळाला, कॉलरच्या आत
मार्करने कुणा नूतनचं नाव.
महिनाभर नुसती पडत होते,
खांद्यावर, कुशीवर, तळहाताची थाप देत.
मनगट सोडवायचं ते अंगठ्याच्या बाजूने,
पकड तिथेच कच्ची असते, हे कळलं.
ओरडणं मात्र घरचा अभ्यास.
तो कुठे करायचा?
रविवारी बंदराच्या रस्त्याला जायचे,
ट्रेलरने हॉर्न दिला की त्याच्या आड ओरडायचे.
एकदा हॉर्न मध्येच थांबला
आणि माझा आवाज एकटाच पुढे गेला,
गोदामाच्या पत्र्यापर्यंत.
झोपलेला कुत्रा उठून बसला.
मीही दचकले. हा माझा?

काल संध्याकाळी दूध घेऊन चढत होते.
दुसऱ्या-तिसऱ्या माळ्याच्या मधल्या वळणावर,
जिथला बल्ब गणपतीपासून गेलेला,
थांबले.
कुणी नव्हतं.
पिशवी खाली ठेवली, पाय रोवले,
आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

दारं उघडली धडाधड.
शिंदेकाकू लाटणं घेऊन, गावणकर बनियनवर,
सगळ्यांच्या पुढे आई, अनवाणी.
एक दार अर्धंच उघडलं.

काय झालं? काय झालं गं?

मी त्या अर्ध्या दाराकडे बघतच म्हटलं,
काही नाही.
इथून ऐकू जातं का, ते बघत होते.